नामदेवची तीन रेघांची पेटी

नामदेव गेला हे मला कळलं तेव्हा त्याची तेरवीही होऊन गेली होती. त्याची मुलगी सुनंदा दारात उभी होती, हातात जुन्या लुगड्यात गुंडाळलेली लांबट पेटी. "बाबा गेले जी सर. हे तुमालेच द्यायचं म्हनून सांगून गेले." मी आधी तिच्यावरच डाफरलो, आत्ता सांगतेस होय! मग तिला आत बोलावलं... राग नेमका कोणावर होता, देव जाणे.

पेटी माझ्या ओळखीची होती. मी कॉलेजात फिजिक्स शिकवायचो आणि नामदेव आमच्या प्रयोगशाळेत शिपाई होता. घर विणकरांचं, गोळीबार चौकाजवळ; बापाचा माग बंद पडला तेव्हा हा आमच्याकडे काचा पुसायला आला. सूर्यप्रकाशाच्या रंगपट्ट्यात बारीक काळ्या रेघा असतात हे मी वर्गात शिकवत असलो की हा दाराशी उभा राहून ऐकायचा. एक दिवस म्हणाला, "सर, सूर्यात रेघा हायेत, त चांदणीत काहून नसतील?" मी म्हटलं, "असतात बाबा, पण त्या पाहायला वेधशाळा लागते. ते आपलं काम नव्हे." शिकवणाऱ्याची जीभ, दुसरं काय!

तो वाद घालणारा नव्हता. कोपरा उडाला म्हणून मी टाकून दिलेला लोलक त्यानं मागून घेतला, गुजरीच्या भंगारबाजारातून जुन्या दुर्बिणीची भिंगं आणली आणि सगळं एका फळ्यांच्या पेटीत बसवलं. व्याधाचा तारा त्यातून रंगीत दिसला खरा, पण केसाएवढा बारीक. त्यात रेघ कुठून दिसणार? झालं, मी मनात खूश! नामदेव मात्र म्हणाला, "हा नुसता उभा धागा झाला जी. आडवा भरल्याबिगर कापड कसं होईन?" आणि बापाचा जाड चष्मा त्याला आठवला. लहानपणी तो लावून पाहिलं की दिवा एका बाजूला ताणलेला दिसायचा. बाप आता नव्हता. त्या चष्म्याचं एक भिंग त्यानं डोळा लावायच्या जागी बसवलं आणि धाग्याची पट्टी झाली.

सगळ्यांत आधी त्यानं मला बोलावलं. थंडीतली संध्याकाळ नुकतीच सरली होती, माझ्या घरी पाहुणे यायचे होते, त्याच्या गच्चीवर वारा झोंबत होता. मी डोळा लावला. पाणावलेल्या डोळ्यांना नुसते रंग दिसले. शेजारी नामदेव श्वास रोखून उभा.

"दिसल्या का जी?"

"दिसल्या, दिसल्या."

"किती?"

"पुष्कळ!"

त्यानं फडक्यानं भिंगाची काच पुसली. मग म्हणाला, "चहा घ्या सर."

पुढे दर हिवाळ्यात तो म्हणायचा, "या ना सर एकदा गच्चीवर." मी हसून उडवून लावायचो, "अरे, पाहिल्यात ना मी!" मी रिटायर झालो, तरी निरोप यायचा. मी गेलो नाही.

लुगडं सोडलं तर पेटीबरोबर एक शाळकरी वही निघाली. पहिल्याच पानावर त्याचं वळणदार अक्षर: 'व्याध. रेघा तीन. सर आले, पुष्कळ म्हणाले. सरांना दिसल्या नाहीत. परत दाखवणे.' त्याखाली एकेका हिवाळ्याची एकेक ओळ... 'काच पुसली. सर आले नाहीत.' 'काच पुसली. सर आले नाहीत.'

पुष्कळ रेघा सूर्यात असतात. व्याधात अशा पेटीतून तीनच दिसायच्या. मी फिजिक्सचा मास्तर, खोटं बोलायला गेलो तेही पाठ केलेलं बोललो, आणि त्यानं मला इतकी वर्षं तोंडावर पाडलं नाही. मला फार लाज वाटली. अजून वाटते.

परवा संध्याकाळी सुनंदाला बोलावून घेतलं. पेटी आमच्या गच्चीच्या कठड्यावर टेकवली, घाई केली नाही. हिरव्यानिळ्या जागी एक रेघ दिसली. बऱ्याच वेळानं तांबड्यात दुसरी. तिसरी जांभळ्याच्या अलीकडे, अगदी पुसट, पण होती.

"दिसल्या," मी म्हणालो.

"किती?" सुनंदानं विचारलं, अगदी बापासारखं.

"तीन."

तिनं वही गुडघ्यावर घेतली आणि शेवटच्या ओळीखाली लिहिलं: 'काच पुसली. सर आले.'