भिंती रिकाम्या दिसल्या तरी चालतील

त्यांना सगळे मागून ‘तोफ’ म्हणत आणि समोर ‘बाई’. बाईंना हे ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर मनातून आवडतही होतं. फुसका बार तरी म्हणत नाहीत ना, झालं तर मग!

उमेदीची सगळी वर्षं बाईंनी एका मोठ्या, नावाजलेल्या शाळेत गणित शिकवण्यात घालवली. तिथे पालकांसाठी दर वर्षी प्रदर्शन भरे आणि त्याची एक ठरलेली रीत होती. वस्तू करायच्या शिक्षकांनी, चिठ्ठी लावायची मुलाच्या नावाची. पुठ्ठ्याचे पूल, मातीचे मोर, सगळं कसं नेटकं! पालक खूश, मुख्याध्यापक खूश, आणि ज्याचं नाव चिकटवलंय ते पोर आपल्याच ‘कामा’कडे पाहुण्यासारखं बघत उभं. एका वर्षी बाईंनी साफ सांगितलं, माझ्या वर्गातली पोरं जे करतील तेच मांडणार. मांडलंही. पूल वाकडे, मोर कुठला नि बदक कुठलं कळायला मार्ग नाही. मुख्याध्यापकांनी ते टेबलच चादरीखाली झाकलं. बाईंनी भर गर्दीत चादर ओढून काढली, तिची व्यवस्थित घडी घातली आणि दुसऱ्या दिवशी राजीनाम्यासकट त्यांच्यापुढे ठेवली.

मग छापखान्याच्या वरच्या मजल्यावर मोजक्या खोल्या घेऊन ही नवी शाळा सुरू झाली. पाढे टाळ्या-पावलांच्या ठेक्यावर, अपूर्णांक हातात करवत घेऊन, आणि चित्र, गाणं, माती रोजच्या वेळापत्रकात, आठवड्याच्या उरल्यासुरल्या तासाला नव्हे. मुलाचं डोकं तेवढं शाळेत पाठवून बाकीचं मूल घरी ठेवता येत नाही, असं बाई सांगायच्या. लोक माना डोलवायचे आणि पोरांना दुसऱ्याच शाळेत घालायचे. काय करणार!

यंदा मात्र अगदी गळ्याशी आलं होतं. संस्थेच्या अध्यक्षांनी सरळ बजावलं, “नव्या पालकांच्या भेटीच्या दिवशी पहिलीला पुरेशी नावं आली नाहीत, तर ती खोली शिकवणीवाल्यांना. केव्हापासून मागे लागलेत ते.” पहिलीच बंद झाली की पुढच्या वर्गांना मुलं यायची कुठून? शाळा हळूहळू मिटणारच. बाईंची झोप उडाली होती. पण बोलून दाखवतील तर शपथ.

आदल्या संध्याकाळी मुलांची चित्रं भिंतीवर लावायचं काम नवऱ्यावर सोपवून बाई बाजारात गेल्या होत्या. नवरा म्हणजे दुकानांच्या पाट्या रंगवण्यात हयात गेलेला माणूस. हात सफाईदार, स्वभाव लोण्याहून मऊ. मुलं त्यांना पेंटरकाका म्हणत.

सकाळी बाई खोलीत शिरल्या आणि भिंतीपुढे थबकल्या. फार छान दिसत होतं. तिथेच घोटाळा होता! या पोरांच्या चित्रात कुणाच्या डोक्याखाली मान म्हणून नसे, डोकं थेट खांद्यांवर. आज सगळ्यांना माना फुटल्या होत्या. घोड्याला गुडघे आले होते. एका चिमुरडीने आपली आजी काढली होती. आजी घरातल्या सगळ्यांना उचलून घेते, म्हणून तिचे हात पार जमिनीला टेकलेले. ते हात आता अगदी मापात होते.

“अहो, काय केलंत हे?”

“थोडासा हात फिरवला गं,” नवरा कौतुकाने भिंतीकडे बघत म्हणाला. “पालक येणार, जरा बरं नको का दिसायला? तुझा जीव टांगणीला लागलाय, मला काय दिसत नाही?”

बाई संतापल्या, आणि डोळेही भरून आले. दुष्टाव्याने केलं असतं तर चार शब्द सुनावता आले असते. मायेने केलेल्या घाताचं काय करायचं? त्यांनी खुर्ची ओढली, वर चढल्या आणि एकेक पिन उपटायला लागल्या.

“अगं, भिंती रिकाम्या दिसतील! लोक जिन्यात आलेत!”

“दिसू देत.”

आवाज ऐकून अध्यक्ष धावत आले. “बाई, डोकं फिरलंय का तुमचं? निदान रंगकाम चालू आहे म्हणून तरी सांगा!”

“म्हणजे एक खोटं काढून दुसरं लावू?” बाई खुर्चीवरूनच म्हणाल्या.

पालक सतरंजीवर बसले, रिकाम्या भिंतींकडे बघून कुजबुजले. बाईंनी आडपडदा ठेवला नाही. “इथे मुलांची चित्रं होती. आमच्याच घरच्या माणसाने ती सुधारली, म्हणून मी काढून टाकली. आज दाखवायला माझ्याकडे काही नाही.”

“मग आम्ही बघायचं काय, तुमचं तोंड?” असं म्हणत एक गृहस्थ बायकोला घेऊन उठले. त्यांच्यामागून आणखी काही जण गेले. अध्यक्षांनी कपाळाला हात लावला.

कामावरून थेट गणवेशातच आलेली एक नर्स मात्र बसून राहिली. “स्पष्ट विचारते हं, बाई. चित्रं छान झाली होती ना? मग बिघडलं कुठे? मोठ्यांचा हात लागला म्हणून काय आभाळ कोसळतं का?”

बाईंकडे यावर भलंमोठं भाषण तयार होतं. ते त्यांनी गिळलं आणि सगळ्यांच्या हातात कागद नि खडू दिले. “घरातलं एक माणूस काढा. ज्याच्यावर जीव आहे असं.”

“छे, मला नाही चित्र येत,” नर्स म्हणाली.

“कुणी सांगितलं?”

“आता हे काय सांगायला...” ती अडखळली. “आमच्या मास्तरांनी. भर वर्गात, कागद वर धरून.”

“मला आमच्या वडिलांनी,” मागून कुणीतरी म्हणालं. मग आणखी एक. प्रत्येकाजवळ असा कुणीतरी होताच.

“ते कुणी इथे आलेले नाहीत,” बाई म्हणाल्या. “काढा.”

खडू चालू लागले. पेंटरकाका ओशाळून कोपऱ्यात उभे होते, पण सवय कुठली जायला! फिरत फिरत ते नर्सच्या मागे आले. तिने खुर्चीत बसलेले वडील काढले होते, एक खांदा वर, एक पार घसरलेला. काका वाकले, पेन्सिल पुढे करून म्हणाले, “ताई, एवढा खांदा जरा वर घेऊ या?”

“हात लावू नका!” तिने दोन्ही हातांनी कागद झाकला. “ते असेच बसतात. अर्धांगवायू झाल्यापासून असेच बसतात ते.”

काकांच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. “चुकलो, ताई,” ते म्हणाले. मग बायकोकडे वळून, “त्या पोरीच्या आजीचंही... तिची माफी मागायला हवी.”

“सगळ्यांची मागायची,” बाई म्हणाल्या. “एकेकाला समोर बसवून.”

जाताना लोकांनी मुलांची नावं दिली. वर्ग काही ओसंडून वाहिला नाही, पण शिकवणीवाल्यांना वाटेला लावण्याइतका नक्कीच भरला. अध्यक्ष हुश्श करत बसले. नर्स सर्वांत शेवटी उठली.

“हे भिंतीवर लावू?” बाईंनी विचारलं.

“मुळीच नाही. हे माझं आहे, मी घरी नेणार.” तिने कागद जपून पर्समध्ये ठेवला. “मुलीचं नाव घाला. आणि एक ऐकून ठेवा, बाई. तिच्या चित्राला कुणी बोट जरी लावलं, मग ते काका असोत, अध्यक्ष असोत नाहीतर तुम्ही स्वतः, तर गाठ माझ्याशी आहे!”

“बरं,” तोफ म्हणाली आणि निमूटपणे नाव लिहून घेतलं.