अक्काचं इन्नोम्मे

अक्कानं उजव्या हाताचं एक बोट वर करायचं आणि म्हणायचं, "इन्नोम्मे!"

झालं. मग तुम्ही कितीही दमलेले असा, पोटात कावळे ओरडत असोत, तुम्हाला ते पुन्हा करावंच लागायचं. इन्नोम्मे म्हणजे कानडीत 'आणखी एकदा'. आमच्या कॉलेजातल्या निम्म्या पोरांना कानडीचा गंध नव्हता, पण हा एक शब्द सगळ्यांना पाठ. चहाच्या टपरीवर दुसरा कप हवा असला की पोरं बोट वर करून इन्नोम्मे म्हणायची आणि टपरीवाला बरोबर कप भरायचा.

तिचं नाव मी लिहीत नाही. आम्ही सगळे तिला अक्काच म्हणायचो, म्हणजे मोठी बहीण. आमच्या गल्लीच्या तोंडाशी तिच्या वडिलांचं कापडाचं दुकान होतं. तेल लावून चापून घातलेली वेणी, कपाळावर विभूतीची बारीक रेघ, पायात साध्या चपला. तुम्ही तिला रस्त्यात पाहिलं असतं तर म्हणाला असता, ही पोरगी कॉलेजातून सरळ घरी जात असणार आणि भाकरी थापत असणार. थापायचीच. चांगल्या थापायची. पण याच पोरीनं सत्तरच्या दशकात, आमच्या सोलापुरात, कॉलेजच्या पोरांच्या गाण्यावर फिल्म केली. आज माझी नात खिशातून फोन काढते, गिरकी घेते आणि म्हणते, आजोबा, झाला व्हिडिओ. झाला म्हणे! आमचा कसा झाला ते आम्हाला विचारा.

गाणं आमचंच होतं. पूर्व भागातला, म्हणजे विणकरांच्या वस्तीतला नरसय्या, घरी माग, घरात तेलुगू, गळा असा की ऐकत राहावं. त्यानं कुठूनशी एक जुनी गिटार मिळवली होती. मी बोंगो बडवायचो. गिरणीचा भोंगा झाला तरी ती फाटकाशी आली नाही, असं ते गाणं. कॉलेजातले सर नाक मुरडून म्हणायचे, "हे पॉप का फॉप, सोलापुरात कोण ऐकणार?" पोरं मात्र वर्गात बाकं बडवून तेच म्हणायची.

अक्काचा मामा बोटीवर नोकरीला होता. त्यानं भाचीला चावीचा छोटा कॅमेरा, एक प्रोजेक्टर आणि थोडी रिळं आणून दिली होती. या फिल्मला आवाज नव्हता. गाणं वेगळं टेपवर, चित्र वेगळं रिळावर, आणि दोघांचं लग्न लावायचं अक्कानं. गॅदरिंगला हे दाखवायचं, असं तिनंच जाहीर करून टाकलं.

आम्हाला ती मजा वाटत होती. तिच्यासाठी मजा नव्हती. तिला पुण्याला जाऊन फिल्म जोडायला शिकायचं होतं, संकलन. तिनं ते वडिलांना बोलून दाखवलं तेव्हा मी त्यांच्या दुकानात होतो, आईसाठी खणाचं कापड घ्यायला गेलो होतो. अप्पा, म्हणजे तिचे वडील, गादीवर बसलेले. कपाळभर विभूती, काळी टोपी, नाकावर चष्मा. त्यांनी आवाज चढवला नाही. कात्री खाली ठेवली आणि म्हणाले, "गाणी कापायला पुण्याला? हितं कापड कापायला माणूस मिळंना झालाय."

"अप्पा, एकदा बघा तरी की," अक्का म्हणाली.

"बघतो की. तुमच्या त्या कार्यक्रमाला येतो. पटलं तर जा पुण्याला, मी आडवा येणार न्हाई. पण न्हाई पटलं, तर अक्कलकोटचं स्थळ हाय. तितं गुमान व्हय म्हणायचं."

"व्हय अप्पा," ती म्हणाली. मी खणाचं कापड तिथंच विसरून बाहेर पडलो.

मग तिनं आमचा जो घाम काढला! तलावाच्या काठी, गिरणीच्या भिंतीशी, नरसय्याच्या घरातल्या मागावर, सगळीकडे कॅमेरा. चावी दिली की तो जेमतेम अर्धं मिनिट चालायचा आणि कुर्र करून थांबायचा. नरसय्या नुसता ओठ हलवायचा, मी शेजारी टेप धरून उभा. भिंतीवरची पोरं खिदळायची. एकदा गल्लीतली म्हातारी त्याला म्हणाली, "काय दुखतंय का रं बाळा?" नरसय्या हसला, शॉट वाया. अक्काचं बोट वर.

आता एक नीट ऐका, म्हणजे पुढची गंमत कळेल. ती फिल्म दोन्ही कडांनी वापरायची असायची. एक कड भरली की रीळ उलटं करून दुसरी भरायची. दोन्ही भरल्यावर तेच रीळ पुन्हा घातलं, तर आधीच्या चित्रावर नवं चित्र चढणार. घोटाळा नको म्हणून अक्कानं आपल्या घरची युक्ती काढली होती. एक कड झाली की डबीवर विभूतीचं एक बोट ओढायचं, दुसरी झाली की दुसरं. कोरी डबी म्हणजे कोरं रीळ.

युक्ती फक्कड होती. फक्त तिच्या आईला ती ठाऊक नव्हती. लेकीचं नशीब या डब्यांत अडकलंय एवढं त्या माउलीला कळलेलं. शेवटच्या शूटिंगच्या सकाळी तिनं सगळ्या डब्या गुपचूप देवापुढं मांडल्या, हात जोडले, आणि प्रत्येक डबीवर तीन बोटांनी भरघोस विभूती ओढून पुन्हा पिशवीत ठेवल्या. अक्कानं पिशवी उघडली तर सगळ्या डब्या शिवलिंगासारख्या सजलेल्या. भरलेली कुठली, अर्धी कुठली, काही म्हणता काही कळेना. तिनं आठवून आठवून एक डबी निवडली. ती नेमकी भरलेली निघाली.

आम्हाला हे कळलं रिळं मुंबईहून धुऊन आली तेव्हा. दुपारी फिजिक्सच्या अंधाऱ्या खोलीत भिंतीवर फिल्म लावली. नरसय्याचा चेहरा आला, डोळे मिटून गाणारा, आणि त्या चेहऱ्यातून मागाची सुतं सरासरा धावायला लागली. मागाचा धोटा त्याच्या एका कानातून शिरून दुसऱ्यातून बाहेर.

"आयला! माझ्या तोंडातनं चादर निघालीय!" नरसय्या ओरडला.

आम्ही आधी हसलो. मग अक्काकडे बघितलं. गाण्याचा सगळ्यात महत्त्वाचा भाग त्या रिळावर होता. नवीन रीळ मिळायची आशा नव्हती, मामाची बोट कुठल्या समुद्रात होती देव जाणे. मला तर अक्कलकोटचा मांडवच दिसायला लागला. मी म्हणालो, "अक्का, आईला काही बोलू नकोस बरं."

"तिला कशाला बोलू? तिनं चांगलंच केलं की," असं म्हणून ती भिंतीकडे बघत राहिली. मग बोट वर. "इन्नोम्मे."

त्या दुपारी आम्ही ते किती वेळा पाहिलं विचारू नका. बघता बघता मला वाटायला लागलं, अरे, हा पोरगा मागाच्या घरातलाच तर आहे. त्याच्या गळ्यात हा खटखटाट असणारच. अक्काला ते पहिल्याच खेपेला दिसलं होतं, मला चौथ्या-पाचव्याला. माझं डोकं तेव्हापासून जरा सावकाशच चालतं.

मग तिच्या घरच्या माडीवर कापाकापी सुरू झाली. दोरीवर चिमट्यांनी लटकवलेले फिल्मचे तुकडे, कात्री, ब्लेड, चिकटवायची बाटली. तिची रीत अशी, की मी पाटावर ठेका धरायचा आणि तिनं फिल्म बोटांनी मोजायची. एका मात्रेला दोन बोटं. मी जरा घाई केली की ती नुसती माझ्याकडे बघायची. अप्पा खालून हाक मारायचे, "काय ठोकताय रं वर? सुतार बसवलाय का?"

आणि याच माडीवर तिनं माझा क्लोजप कापला! अहो, काय क्लोजप होता! कपाळावर झुलपं, डोळ्यांत भाव, हात बोंगोवर.

"तोंड चांगलं हाय तुझं," ती म्हणाली, "पण हात ठेक्यात न्हाई."

"कोण बघतंय हाताकडं?"

"मी बघतीय की."

मी तणतणत खाली उतरलो आणि चहा प्यायलाही थांबलो नाही. दुसऱ्या दिवशी मुकाट्यानं परत गेलो, कारण ठेका धरायला दुसरं कोणी नव्हतं आणि खरं सांगायचं तर ते तुकडे जोडले जाताना बघण्याचं मला वेड लागलं होतं.

गॅदरिंगची संध्याकाळ. मैदानावर नरसय्याच्या घरचं कोरं पांढरं कापड ताणून बांधलेलं. पहिल्या रांगेत प्राचार्यांशेजारी अप्पा, काठीवर दोन्ही हात ठेवून. अक्काची आई मागे बायकांत. आणि नेमके दिवे पिवळे पडायला लागले. आमच्याकडे संध्याकाळी विजेचा जोर कमी-जास्त व्हायचा. टेप सेलवर चालणार, त्याला काही नाही, पण प्रोजेक्टर विजेवर. वीज मंदावली की चित्र मागे पडणार, गाणं पुढे पळणार आणि नरसय्या वेडा दिसणार.

प्रोजेक्टरला वेगाचं एक बटण होतं. अक्कानं त्यावर बोटं ठेवली आणि मला म्हणाली, "मला आता पडद्यावरून नजर हलवता येणार न्हाई. तू पडद्याकडं बघू नको. अप्पांकडं बघ. नंतर मला सगळं सांग. खरं खरं सांग."

म्हणून मी आमची फिल्म तिच्या पहिल्या खेळाला पाहिलेलीच नाही. मी अप्पांना पाहिलं. गाणं सुरू झालं, अप्पा दगड. पडद्यावर गिरणीची चिमणी आली असावी, कारण पोरांनी शिट्ट्या मारल्या. अप्पा दगडच. मग मागाची जागा आली. अप्पांनी चष्मा काढला, उपरण्यानं पुसला, पुन्हा घातला. त्यांना वाटलं, काच खराब झाली. पुन्हा बघितलं. मग हळूच पुढे झुकले, एवढे की काठी हातांतून घसरून पडली. ती त्यांनी उचलली नाही. इकडे अक्काची बोटं बटणावर, केसभर इकडे, केसभर तिकडे, ओठ घट्ट मिटलेले. गाणं आणि नरसय्या शेवटपर्यंत एकमेकांना सोडून गेले नाहीत.

फिल्म संपली. दिवे लागले. पोरांनी वन्समोअरचा गिल्ला केला. तेवढ्यात अप्पा उठले आणि मागे वळले. मला वाटलं, निघाले. अप्पांनी सगळ्या मैदानासमोर उजव्या हाताचं एक बोट वर केलं.

"इन्नोम्मे!"

तेव्हा मला उमगलं, अक्कानं हे कुठून उचललं. दुकानात ठाण पसंत पडलं की अप्पा नोकराला तसंच बोट दाखवून ते पुन्हा उलगडायला लावायचे. नापसंत कापडाकडे ते दुसऱ्यांदा बघत नसत.

अप्पांनी शब्द पाळला. अक्का पुण्याला गेली, मग मुंबईला. पुढे एका सिनेमात तिचं नाव एकटं, पूर्ण पडदाभर आलं, वर 'संकलन' लिहिलेलं. आम्ही सगळे सोलापुरात थेटरात ओळीनं बसलो होतो. नाव आलं तसं आम्ही उभं राहून टाळ्या पिटल्या. मागचा माणूस वैतागून म्हणाला, "हिरो आजून आला न्हाई, टाळ्या कशाला?" मी वळून म्हणालो, "आमची हाय ती!" आजही हे सांगताना माझी छाती फुगते. फुगू दे. गर्व करण्यासारखं आयुष्यात फार नसतं माणसाच्या.

तिचा फोन आला की इकडचं तिकडचं झाल्यावर ती हमखास विचारायची, "अप्पांनी चष्मा पुसला ते सांग की." मी सांगायचो. काठी पडली ते सांगायचो. ती म्हणायची, "इन्नोम्मे." अप्पा गेल्यावर तर जास्तच. मागच्या उन्हाळ्यात अक्काही गेली. आता ते सगळं माझ्यापाशी पडून आहे आणि पुन्हा सांग म्हणणारं कोणी नाही, म्हणून तुम्हाला सांगितलं.

एक गोष्ट मात्र तिनं मला कधी विचारली नाही, कारण ती तिनं स्वतः पाहिली होती. त्या संध्याकाळी दुसऱ्यांदा फिल्म लावली तेव्हा तिनं माझा हात धरून बटणावर ठेवला. "आता तू बघ," म्हणाली आणि चालत पडद्याच्या कडेला जाऊन उभी राहिली, फिल्मकडे पाठ करून. अप्पा फिल्म बघत होते आणि ती अप्पांना. मला काही ते बटण जमलं नाही. गाणं पुढे गेलं, नरसय्याचे ओठ मागे राहिले, शेवटी तर गाणं संपलं तरी तो गातच होता. एवढी माती केली मी, पण तिचं बोट काही वर गेलं नाही.