त्या वर्षी हॅलोविन तिच्याकडे होतं

ऑगस्ट संपता संपता मी कॅनडातल्या किचनर गावातल्या आमच्या घरातून निघालो आणि थोड्याच गल्ल्या पलीकडे एका बेसमेंटमध्ये राहायला गेलो. भांडण असं काही झालं नव्हतं. झालं असतं तर निदान मिटवता आलं असतं, असं मला अजून वाटतं. उन्हाळ्यात एकदा मुलं झोपल्यावर डिशवॉशर लावताना बायको म्हणाली, "तू घरात असतोस तेव्हा मला जास्त एकटं वाटतं." मी म्हणालो, बोलूया. आम्ही बोललोही. एका समुपदेशक बाईंच्या समोर बसून, इंग्रजीतून. इंग्रजीत आम्ही दोघंही फार समंजस होतो. त्या समंजसपणातच ठरलं की मी काही महिने वेगळं राहून बघावं. "काही महिने" हे शब्द मी घट्ट धरून बसलो. तिनेही धरले होते का, हे विचारायचा धीर झाला नाही.

बेसमेंट एका निवृत्त पंजाबी जोडप्याच्या घराखालचं. दार घराच्या बाजूला, खिडकी जमिनीच्या पातळीला. त्या खिडकीतून माणसं दिसत नसत, त्यांचे बूट दिसत. मुलगी तेव्हा सहा वर्षांची होती, मुलाला चार पूर्ण व्हायची होती. बुधवारची संध्याकाळ आणि शनिवार-रविवार माझे, बाकीचे दिवस तिचे. सणांचंही ठरलं. थँक्सगिव्हिंग माझ्याकडे, दिवाळी एकत्र, हॅलोविन तिच्याकडे. "बेसमेंटची बेल वाजवून चॉकलेटं मागायला कोण येणार," ती म्हणाली. टोमणा नव्हता तो. खरंच होतं.

सांगलीला आईवडिलांना मी यातलं काही कळवलं नाही. वडिलांच्या हृदयाचं ऑपरेशन होऊन फार दिवस झाले नव्हते, हे कारण मी स्वतःला द्यायचो. खरं कारण असं की कळवायची वेळ यायच्या आत मी परत घरी गेलेला असेन, अशी माझी खात्री होती.

सप्टेंबरमध्ये मुलाची शाळा सुरू झाली. पहिल्या दिवशी आम्ही दोघंही गेलो. मी वेगळ्या बाजूने चालत आलो आणि कुंपणापाशी थांबलो. मुलाची बॅग त्याच्या पाठीपेक्षा मोठी होती. तो रडेल म्हणून मी खिशात त्याची छोटी मोटार घेऊन आलो होतो. तो रडला नाही. बाईंनी हात पुढे केला, त्याने तो धरला आणि मागे न बघता आत गेला. रडली ती त्याची बहीण. "ही डिडन्ट से बाय," असं म्हणत तिने आईच्या कोटात तोंड लपवलं. तिला तिच्या वर्गाच्या रांगेत सोडल्यावर आम्ही दोघं मोकळ्या मैदानावर उभे होतो. मला वाटलं, ती म्हणेल, कॉफी घेऊया. ती म्हणाली, "मला नऊची मीटिंग आहे," आणि गाडीकडे गेली. थोड्या वेळाने तिने फोटो पाठवला. दोन्ही मुलं शाळेच्या पाटीखाली उभी. मी तो तसाच आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर टाकला. आत्या, मामी, चुलतभाऊ, सगळ्यांनी हात जोडले, बदाम पाठवले.

मग ते रोजचंच झालं. तिने मला फोटो पाठवायचा, मी तो पुढे पाठवायचा. मुलीने दोन चाकांवर सायकल चालवली, पडली नाही. मुलाने स्वतःच्या नावाचं पहिलं अक्षर काढलं, उलटं. पानांच्या ढिगात दोघांनी उड्या मारल्या, आमच्याच अंगणात. तो मेपल मी लावला नव्हता, आधीच्या मालकाने लावला होता, पण त्याची पानं दरवर्षी मी गोळा करायचो. त्या व्हिडिओत पानं कुणी गोळा केली असतील याचा मी बराच वेळ विचार करत राहिलो.

एका मंगळवारी ऑफिसच्या मीटिंगमध्ये असताना मुलीचा पहिला दात पडल्याचा फोटो आला. ओठाला थोडं रक्त, आणि तोंड भरून हसू. मीटिंग संपल्यावर मी फोन केला.

"बाबा, इट केम आउट इन माय ॲपल," ती म्हणाली. "यू मिस्ड इट."

"हो ना," मी म्हणालो. "आता दुसरा पडेल ना, तो मी बघेन."

"मे बी," ती म्हणाली. पडणारा दात कुठल्या वारी पडेल हे तिलाही सांगता येणार नव्हतं.

त्याच आठवड्यात माझ्या आईने सांगलीहून विचारलं, "फोटोत तू कधीच कसा नसतोस रे?"

"मीच काढतो ना फोटो," मी म्हणालो.

"मग एखादा तिला काढायला सांग," आई म्हणाली.

ऑक्टोबरात थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत मी मुलांना भोपळ्यांच्या शेतावर घेऊन गेलो. मुलाने एका बाजूने चपटा, चिखलाने माखलेला भोपळा निवडला आणि दुसरा कुठलाही घ्यायला ठाम नकार दिला. जॅकेट घालून गाडीकडे परत येताना वारा सुटला. मी त्याच्या जॅकेटची चेन लावायला वाकलो, तर त्याने माझा हात बाजूला केला. जीभ बाहेर काढून, दोन्ही हातांनी, खूप वेळ खटपट करून त्याने ती चेन खालून अडकवली आणि सरळ हनुवटीपर्यंत ओढली. मग माझ्याकडे बघितलं. त्या संपूर्ण हंगामात माझ्या डोळ्यांदेखत पहिल्यांदा घडलेली ही एकच गोष्ट. फोन खिशातच राहिला. मी चिखलात गुडघ्यावर बसून त्याला मिठी मारली, तर त्याला वाटलं मला थंडी वाजतेय.

संध्याकाळी मी बायकोला मेसेज केला, आज त्याने चेन स्वतः लावली. उत्तर आलं, "पहिल्यांदा? मी महिनाभर शिकवत होते त्याला." आणि त्यानंतर, "फोटो आहे का?" मी लिहिलं, नाही. तिच्या स्वयंपाकघरात फोन हातात घेऊन ती कशी उभी असेल ते मला दिसलं. तोवर मी समजत होतो की फक्त माझंच काहीतरी निसटून चाललंय.

भोपळा आम्ही बेसमेंटमध्ये, जमिनीवर जाहिरातींचे कागद पसरून कापला. हॅलोविनसाठी त्यावर चेहरा कोरला, डोळे मुलीने, दात मी. आतला गर टाकवेना म्हणून गूळ घालून त्याचे घारगे केले. पहिले काही जळले. वरच्या आंटी वास आला म्हणून खाली आल्या, एक खाऊन म्हणाल्या, "बेटा, अकेले इतना सब करते हो?" मुलगी पटकन म्हणाली, "ही इज नॉट अलोन, वी आर हियर." आंटींनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. रविवारी संध्याकाळी मुलं गेली आणि उरलेले घारगे मी दोन दिवस खाल्ले.

हॅलोविनच्या आधी दिवाळी आली. लक्ष्मीपूजनाला मी कुर्ता घालून, वर कोट चढवून, माझ्याच घराची बेल वाजवली. तिने साडी नेसली होती. रांगोळी मुलीने काढली होती. पूजा झाल्यावर ठरल्याप्रमाणे सांगलीला व्हिडिओ कॉल लावला. आम्ही चौघं सोफ्यावर बसलो, मुलं मध्ये, आम्ही दोन टोकांना. सांगलीला तेव्हा दुसऱ्या दिवसाची पहाट झाली होती. आईवडील अंघोळी करून, नवे कपडे घालून बसले होते. वडिलांनी शाळेची चौकशी केली. आईने मुलीला विचारलं, "आणि हॅलोविनला काय होणार आहेस?"

मुलगी माझ्या आईशी मराठीतच बोलते, शब्द जुळवत, सावकाश. ती म्हणाली, "आजी, मी रॅकून होणार, कचऱ्यातलं खाणारा प्राणी. आणि हा गार्बेज ट्रक होणार, तो ट्रक बाबा बनवणार. बाबाच्या बेसमेंटमध्ये. बाबा आता तिकडे राहतो."

पडद्यावर दोघंही तशीच बसून होती. आधी मला वाटलं नेट अडकलं. मग आईने चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"ऑफिस केलंयस का खाली?" वडिलांनी विचारलं.

मी काही बोलायच्या आत बायको म्हणाली, "नाही बाबा. वेगळं घर आहे ते." तिचा आवाज अगदी हळू होता. "तुम्हाला कुणी सांगायचं, मी की यानं, ते आमचं ठरलं नव्हतं. माफ करा."

आई म्हणाली, "दिवे लावलेत ना सगळे? छान दिसताहेत. मुलांना काहीतरी खायला द्या आता." आणि तिने फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसच्या पार्किंगमधून आईला फोन केला. काय काय सांगायचं ते मनात ठरवून ठेवलं होतं. तिने काहीच विचारलं नाही. कुणाचं चुकलं, किती दिवस झाले, काही नाही. फक्त म्हणाली, "तिथे ऊन येतं का रे?" मी म्हणालो, येतं थोडं, सकाळी. मग ती रडली. लग्न होऊन आम्ही कॅनडाला निघालो तेव्हाही तिने कोरड्या डोळ्यांनी निरोप दिला होता. मी गाडीत बसून ऐकत राहिलो.

हॅलोविनच्या आधीच्या रविवारी आम्ही फ्रिजच्या खोक्याचा गार्बेज ट्रक केला. हिरवा रंग, कागदी ताटल्यांची चाकं, मागे उघडणारं दार. मुलाला तो काढायचाच नव्हता. जेवायलाही तो खोक्यातच बसला. मुलीच्या शेपटीला आम्ही काळे पट्टे लावले. जाताना तो ट्रक गाडीत मावेना म्हणून मी डोक्यावर घेऊन चालत त्यांच्या दारापर्यंत पोचवला.

हॅलोविनला शुक्रवार होता. दुपारपासून बारीक पाऊस लागला होता. आंटींना गुडघ्यांमुळे सारखं उठवत नाही, म्हणून त्यांनी मला वरच्या पोर्चवर बसायला सांगितलं. मी चॉकलेटांचं पातेलं मांडीवर घेऊन बसलो. आमचा चपटा भोपळा पायरीवर ठेवला होता. शेजारपाजारची मुलं येत राहिली. राजकन्या, डायनासोर, भुतं, सगळ्यांनी आत हिवाळी जॅकेट घातलेली, त्यामुळे सगळीच भुतं गुबगुबीत.

मग रस्त्याच्या कोपऱ्यावर हिरवं खोकं दिसलं. त्याच्या मागे शेपटी सांभाळत रॅकून, आणि छत्री धरून ती. आमच्या गल्लीत ते येतील असं मला कुणी सांगितलं नव्हतं. ती फुटपाथवरच थांबली. मुलं पायऱ्या चढून आली.

"ट्रिक ऑर ट्रीट," मुलगा म्हणाला, अगदी गंभीर चेहऱ्याने, जसं काही मला ओळखत नाही.

"अरे वा, कचरा न्यायला कोण आलंय हे," मी म्हणालो. त्याने ट्रकचं मागचं दार उघडून दाखवलं. मी त्यात मूठभर चॉकलेटं टाकली. रॅकून म्हणाली, "बाबा, एव्हरीबडी गेट्स वन," आणि जास्तीची उचलून परत पातेल्यात ठेवली. ती मोठी होत चालली होती.

"थँक यू," दोघं म्हणाली. मुलगी खाली उतरली. मुलगा मात्र उतरून फुटपाथकडे गेला नाही. सवयीने तो घराच्या बाजूला वळला, माझ्या दाराकडे. खोक्यातून वाकून बूट काढायला लागला.

"आज नाही रे बाळा," त्याची आई म्हणाली.

"बट धिस इज बाबाज," तो म्हणाला.

"हो, पण आज नाही. उद्या."

तो एक बूट घालून, एक हातात धरून तिथेच उभा राहिला. रडला नाही. हे कोण ठरवतं, ते शोधत असल्यासारखा आळीपाळीने आमच्या दोघांकडे बघत राहिला. मी पातेलं खाली ठेवून त्याच्यापाशी गेलो, बूट चढवला. मी मान वर केली तेव्हा तिचे डोळे भरलेले होते.

"येतोस का आमच्याबरोबर?" तिने विचारलं. "थोडीच घरं राहिलीत."

दारातून बघणाऱ्या आंटींनी पातेलं आत घेतलं आणि मी निघालो. आम्ही चौघं दारोदार फिरलो. एका म्हाताऱ्या बाईंनी दार उघडून आम्हाला सगळ्यांना एकत्र बघितलं आणि म्हणाल्या, "व्हॉट अ लव्हली फॅमिली." आम्ही दोघंही थँक यू म्हणालो. शेवटी मुलगा थकला. मी त्याला खांद्यावर घेतलं, खोकं तिने घेतलं. घरापाशी पोचेपर्यंत तो झोपला होता. दारात मी त्याला माझ्या खांद्यावरून तिच्या खांद्यावर दिलं. झोपेत त्याने माझी कॉलर धरून ठेवली होती. ती बोटं एकेक करून तिने सोडवली.

मी थांबलो. ती म्हणेल, आत ये, असं वाटून थांबलो. संध्याकाळी भाजीला दिलेल्या फोडणीचा वास आतून अजून येत होता.

ती म्हणाली, "खोटं वागून नाही चालणार आता. मुलांना वाटत राहील, बाबा परत येणार." मग म्हणाली, "मला परत पहिल्यासारखं नाही करता येणार रे. मी प्रयत्न केला."

"मला माहीत आहे," मी म्हणालो. मला माहीत नव्हतं. तेव्हाच कळत होतं.

मुलगी आमच्या मध्ये उभी राहून पिशवीतली चॉकलेटं निवडत होती. काजूची वेगळी, साधी वेगळी. तिने डोकं वर न काढता विचारलं, "बाबा, उद्या आम्ही तुझ्याकडे किती वाजता यायचं?"

"उठलीस की ये," मी म्हणालो. "मी घ्यायला येतो."

ती बरं म्हणाली आणि आत गेली. दार लागलं, आणि पाऊस जरा वाढला म्हणून मी कोटाची टोपी ओढून चालायला लागलो.