मोरीमागची निर्गुंडी

विसराळूंनो, निर्गुंडीच्या फांद्या मागून महिना झाला, न्यायला मात्र एकही जण फिरकला नाही. मला अक्षरं येत नाहीत, पण कोणी कोणी मागितल्या ते पक्कं ध्यानात आहे. मी सांगते, नात लिहिते. चुका तिच्या.

आज सकाळी आमच्या मोरीमागचा ओला कोपरा जाता जाता वाचला. तिथे बारा महिने चिखल. मुलाने हौसेने गुलाब लावला, मोगरा लावला. दोन्ही कुजले. मग मी माहेरून, पेठकडच्या ओढ्याकाठून, निर्गुंडीच्या फांद्या आणून खोचल्या. आता झुडपं माझ्या खांद्याला लागलीत.

आणि मुलाने आज तिथे कोबा करायला गवंडी बोलावला!

"आई, रानातलं झुडूप ते. पाहुणे हसतात."

"हसू देत. ओढ्यात पाय सोडून वाढलेली ती, तुझ्या चिखलाला भिते होय?"

गवंडीभाऊ माप घ्यायला उकिडवे बसले आणि उठताना कळवळले. मग पाला चुरगळून वास घेतला.

"आजी, निर्गुंडी ना ही? गुडघे शेकायला थोडा पाला द्याल?"

"आज देते. कोबा झाल्यावर कुठून देऊ?"

त्यांनी थापी पिशवीत टाकली. "साहेब, कोबा मोरीपाशीच थांबवू."

मुलगा हसला.

तुमच्याकडे आहे का असा न सुकणारा कोपरा? उद्या या, फांद्या तोडून ठेवते. येताना नागलीचे पापड आणा, नाहीतर पाठवा. कच्चेच पाठवा. तळलेले आले की माझ्यापर्यंत पोचत नाहीत.