एका हाताने धरायचा कॅमेरा

जळीत विभागात तिला सगळे फोटोताई म्हणत. बावीस वर्षं ती एकच काम करत आली होती: भाजलेल्या रुग्णांच्या जखमांचे दर आठवड्याला फोटो काढायचे, म्हणजे कातडी कशी भरून येतेय ते डॉक्टरांना कळावं. उजव्या हातात कॅमेरा, डाव्या हातात जखमेशेजारी धरायची छोटी मोजपट्टी. पट्टी नको असेल तेव्हा त्या हातात रुग्णाचा हात.

जुन्या कॅमेऱ्याने मान टाकली तेव्हा खरेदी विभागाच्या साहेबांनी तिला बोलावलं. टेबलावर भला मोठा तक्ता होता. पाच कॅमेरे आणि प्रत्येकापुढे आकडेच आकडे: मेगापिक्सेल किती, सेकंदाला फोटो किती. एका नावाभोवती साहेबांनी आधीच लाल गोल केला होता.

"हा घेऊ. साठ मेगापिक्सेल. बाकीचे याच्यापुढे पाणी भरतील."

फोटोताईने तक्ता वरपासून खालपर्यंत वाचला. "यात वजन नाही लिहिलेलं, साहेब."

"वजनाचं काय एवढं? डोक्यावर थोडाच वाहायचाय?"

एका हाताने धरायचाय, हे उत्तर तिला घरी, ताटावर बसल्यावर सुचलं, आणि ती स्वतःवरच चिडली. तिचा नवरा शाळेची बस चालवायचा. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बस घेतानाही असंच होतं. इंजिन केवढं ते सगळे विचारतात. आरशात मागचं दार दिसत नाही, हे मी सीटवर बसलो की कळतं. तू आधी वापरून बघायला माग."

तिने मागितला. दुकानदार आठवडाभर दोन कॅमेरे ठेवायला तयार झाला. एक लाल गोलातला. दुसरा तिने तक्त्याच्या तळातला उचलला, वीस मेगापिक्सेलचा, कारण त्याची बटणं हातमोजे घालूनही सापडत होती आणि स्क्रीन बाहेर वळत होती.

साठवाला देखणा होता, हे तिनेही कबूल केलं. स्टँडवर लावून काढलेल्या फोटोत हातावरचा केस न् केस मोजता यायचा. पण वॉर्डात दोन खाटांमधून नर्स जेमतेम जायची, तिथे स्टँड कुठे मांडणार? एका हाताने धरला की तिसऱ्या फोटोला मनगट भरून यायचं. शिवाय फोकस साधताना तो समोर लाल उजेड टाकायचा, आणि आगीतून वाचलेली माणसं दचकायची. तो उजेड बंद करायची सोय मेनूत होती, पण ती सापडेपर्यंत दोन दिवस गेले.

गुरुवारी बेकरीत काम करणारी बाई आली. भट्टीच्या दाराने तिचा हात कोपरापर्यंत भाजला होता. चार महिने तिने त्या हाताकडे पाहिलं नव्हतं; जखमेवरचं बँडेज सोडलं की तोंड भिंतीकडे. फोटोताईने छोट्या कॅमेऱ्याने फोटो काढला.

"बरं आहे का हो आता?" बाईने भिंतीलाच विचारलं.

"मी सांगण्यापेक्षा तुम्हीच बघता का?"

बाईने मान अर्धवट वळवली आणि पुन्हा भिंतीकडे नेली. मग म्हणाली, "हात नको. तुमच्या त्या डब्यात दाखवा."

फोटोताईने स्क्रीन तिच्याकडे वळवली. बाईने आधी एका डोळ्याने पाहिलं, मग दोन्हींनी.

"इथे गुलाबी झालंय."

"नवी कातडी आहे ती."

बाईने फोटो पुन्हा पाहिला. मग हळूच मान वळवून तिने खऱ्या हातावर ती जागा शोधली आणि तिच्याभोवती बोट फिरवलं.

शनिवारी तिने दोन्ही कॅमेऱ्यांचे चाळीस-चाळीस फोटो मोठ्या डॉक्टरांपुढे ठेवले, कुठला कशाचा ते न सांगता. साहेबही शेजारी बसले होते. डॉक्टरांनी हललेले फोटो बाजूला काढले. साठवाल्याचे अकरा निघाले, दुसऱ्याचे दोन. उरलेल्यांत त्यांना फरक सांगता आला नाही.

साहेबांचा चेहरा पडला. "म्हणजे साठवाला वाईट?"

"छे, उत्तम आहे," फोटोताई म्हणाली. " तपासणीच्या खोलीत स्टँड आहे, तिथे शोभेल. माझ्या हाताला मात्र हा बरा."

छोटा कॅमेरा घेतला गेला. त्याची बॅटरी मात्र दुपारीच संपते. आठवडाभर दोन कॅमेरे आलटून पालटून वापरल्यामुळे ही गोष्ट तिच्याही नजरेतून सुटली होती. आता तिच्या एप्रनच्या खिशात दोन जादा बॅटऱ्या असतात, आणि नव्या तक्त्यात बॅटरी किती टिकते याचाही रकाना घालायला तिने साहेबांना स्वतःहून सांगितलं आहे.