ठकूच्या नावच्या मेंढ्या

सुगंधाबाई जेवायला बसली की आधी भाकरी अर्धी मोडायची. अर्धी टोपल्याखाली झाकायची, मग उरलेली खायची. चालताना तिच्या हातात टकळी फिरत असायची. वाट चढाची असली तरी धागा तुटायचा नाही. रस्त्यात मेंढरांचा कळप आडवा आला तर ती थांबायची, जवळच्या मेंढीचा डावा कान चिमटीत धरून बघायची आणि सोडून द्यायची. वडीगोद्रीचं नाव निघालं की उगाच पदर सारखा करायची. समोरचा मोठ्याने बोलायला लागला तर त्याचा आवाज खाली येईपर्यंत गप्प राहायची, आणि मग एकच वाक्य बोलायची. ते वाक्य खरं असायचं. त्याच सवयीने तिचा घात केला.

वडीगोद्री हे तिचं पहिलं सासर. तिथल्या कडूबाशी तिचं लग्न झालं तेव्हा ती चौदा वर्षांची होती. कडूबाच्या कळपात सव्वाशे मेंढरं होती. रझाकारांची धामधूम संपली, त्याच्या पुढच्या साली तिला मुलगी झाली. तिचं नाव ठकू. ठकू चार वर्षांची झाली आणि कडूबाने रानातल्या मुक्कामावर दुसरी बाई आणून बसवली. सुगंधाबाईने ना आदळआपट केली, ना रड. मुलीला पाठीशी बांधून ती आबाराव पंचाच्या दारात गेली.

"मला फारकत द्या, मामा."

लिंबाखाली पंच बसले. आबारावने विचारलं, "लेकरू कुणाकडं?"

"माझ्याकडं."

"पोटाला काय घालशील?"

तिने पाठीवरचं लेकरू वर सरकवलं. आबारावने कडूबाकडे पाहिलं. "बाप जित्ता हाय तवर लेकरानं दुसऱ्याच्या उंबऱ्यावर हात पसरायचा न्हाई. पाच मेंढ्या ठकूच्या नावानं काढ. तुझ्या हातानं न्हाई. ही निवडंल."

ही जुनी रीत होती. मेंढ्या राहायच्या बापाच्याच कळपात, कारण पाच मेंढ्या एकट्या चरत नाहीत. पण त्यांची लोकर ठकूची, कोकरं ठकूची. आईने पाट लावून दुसरं घर केलं तरी ठकूचा हक्क तिच्याबरोबर जायचा. आबारावने उठता उठता उरलेला अर्धा नियमही सांगितला. "आन् ध्यानात ठिव. लेकरू मेंढरांच्या जिवावर परक्या घरी ऱ्हातंय. मेंढरं संपली, तर लेकरू बापाच्या घरी माघारी."

सुगंधाबाईने पाच मेंढ्या निवडल्या. नखाएवढ्या चाकूने प्रत्येकीच्या डाव्या कानाला शेजारीशेजारी दोन खाचा पाडल्या. हळद भरली. कडूबा मेंढ्या धरत होता. नवराबायको म्हणून दोघांनी मिळून केलेलं ते शेवटचं काम.

पुढच्या वर्षी तिने घनसावंगीजवळच्या रखमाजीशी पाट लावला. रखमाजी कमी बोलणारा, सरळ माणूस. त्याच्या वडिलांनीच मेंढरं सोडून नांगर धरला होता. पहिली बायको बाळंतपणात गेलेली, दोन मुलं आणि म्हातारी आई मागे. आईचं नाव गोपिकाबाई. ठकूला दारात बघून गोपिकाबाई म्हणाली, "संगं आणलंय व्हय? बरं. खातं किती?"

"तिचं ती खाती," सुगंधाबाई म्हणाली.

आणि ते खरंच होतं. दर दसऱ्याला ती पायी वडीगोद्रीला जायची. त्या वर्षीच्या कोकरांच्या कानांना खाचा पाडायची. नर कोकरं अंबडच्या बाजारात विकली जायची, त्यातून ठकूचे दाणे यायचे. लोकरीचं गाठोडं डोक्यावर घेऊन ती परतायची. गोपिकाबाई गाठोडं हाताने दाबून बघायची आणि त्या दिवशी ठकूच्या ताटात गुळाचा खडा पडायचा. रखमाजीची मुलं ठकूला म्हणायची, "तू काय बाबा, मेंढरांची मालकीण!" ठकू मान ताठ करून पाणी आणायला जायची. पुढे सुगंधाबाईला रखमाजीपासून मुलगा झाला. घरात तीन तऱ्हेची लेकरं झाली, पण एका ताटात जेवायची. पाचाच्या अकरा मेंढ्या झाल्या.

मग राज्य बदललं. हैदराबादचं राज्य मोडलं, मराठवाडा मुंबई राज्यात गेला. त्यानंतरच्या दसऱ्याला सुगंधाबाई वडीगोद्रीला पोचली तेव्हा कडूबा खाटेवर बसून होता. उठला नाही.

"कशाला आलीस?"

"खाचा पाडायला."

"कसल्या खाचा? आता कायदा आलाय. बापानं पोटगी द्यायची का न्हाई, ते कोर्ट ठरवतं. जा कोर्टात. पंचांचं ते समदं बंद."

ती आबारावकडे गेली. तो आता अंथरुणाला खिळला होता. म्हणाला, "पोरी, माझ्या शब्दाला लोक भीत होते म्हणून तो शब्द होता. आता कुणाला वाळीत टाकलं तर पंचालाच बेड्या घालत्यात म्हणं. कोण बसंल लिंबाखाली?"

त्या वर्षी गाठोडं आलं नाही. गोपिकाबाईने गुळाचं नाव काढलं नाही. ठकूने काही विचारलं नाही. ती भाकरी कमी खाऊ लागली. सुगंधाबाईने टोपल्याखाली अर्धी भाकरी झाकायला सुरुवात केली ती तेव्हापासून.

रखमाजीने ओळखीतून जालन्याच्या गिरिधरराव वकिलांकडे तिला नेलं. गिरिधरराव सज्जन होते. फी म्हणून त्यांनी फक्त लिहिणावळ घेतली. नवा कायदा वाचून त्यांना मनापासून आनंद झाला होता.

"बाई, तुझी बाजू पक्की आहे. आई दुसऱ्या घरी गेली म्हणून बापाची जबाबदारी संपत नाही. मुलगी लहान आहे, तिच्याजवळ काही नाही. बापाने पोसलंच पाहिजे. तू फक्त विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर दे. जास्त बोलू नकोस."

त्यांनी मेंढ्यांबद्दल विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही. वकिलाला ठाऊकच असेल असं तिला वाटलं. मेंढपाळाच्या घरात सुटून आलेल्या लेकराच्या नावच्या मेंढ्या असतात, हे कुणाला ठाऊक नसतं?

तारखेच्या दिवशी ती ठकूला घेऊन पहाटेच्या मोटारीने गेली. कचेरीत गर्दी होती. कडूबा नवं धोतर नेसून आला होता. त्याच्या वकिलाने विचारलं, "मुलीच्या मालकीचं काही आहे?"

मुलीजवळ काही नाही, असं गिरिधररावांनी आधीच सांगून ठेवलं होतं, आणि तिच्या हाताशी खरंच काही उरलं नव्हतं. ती हळू आवाजात म्हणाली, "न्हाई."

मागून कडूबा खच्चून बोलला, "ऐका साहेब! चार वर्सं असंच करून राह्यली. लेकीला दारोदार भीक मागाया लावती आन् नाव माझं. भिकारीण हाय पोरगी बिलकुल!"

दोघे-तिघे हसले. ठकू आईच्या लुगड्यात तोंड लपवून उभी होती. साहेबांनी टेबलावर हात आपटला. कडूबाचा आवाज खाली आला. सुगंधाबाईने तो पुरता खाली येऊ दिला. मग म्हणाली, "साहेब, माझी लेक भिकारी न्हाई, यांच्या कळपात तिच्या नावच्या अकरा मेंढ्या हायेत."

गिरिधररावांनी चष्मा काढला.

कडूबाचा वकील हातातला कागद खाली ठेवून बाजूला सरकला. मग कडूबाकडे वळला. "आहेत का हो मेंढ्या?"

कडूबाला आधी कळेना. वकिलाने भुवई उडवली तेव्हा कळलं. "हायेत की साहेब. अकरा. बराबर."

सुगंधाबाईला वाटलं, आपण जिंकलो. त्याने भर कचेरीत मेंढ्या कबूल केल्या होत्या. तिने ठकूच्या डोक्यावरून हात फिरवला.

महिन्याने हुकूम झाला. गिरिधररावांनी तो व्हरांड्यात वाचून दाखवला. मुलीच्या नावे मेंढ्या आहेत, हे आईने आणि बापाने दोघांनी मान्य केलं आहे. मुलीचं स्वतःच्या मालमत्तेवर भागू शकतं. म्हणून अर्ज नामंजूर.

"म्हंजे?"

"म्हणजे पोटगी नाही. मुलीचं स्वतःचं काही नसेल तरच बापाने द्यायची."

"मंग मेंढ्या द्या म्हणावं की त्याला."

"त्याचा या अर्जाशी संबंध नाही. त्याला वेगळा दावा लागतो. दिवाणी. कोणत्या मेंढ्या तुमच्या, ते शाबीत करावं लागेल. दोन-चार वर्षं जातात."

तिने हुकुमावरच्या शिक्क्यावर बोट ठेवलं. "पंच एका बैठकीत उठत होते, वकीलसाहेब."

"पंचांचा जमाना गेला, बाई."

"मी खोटं बोलायला पाहिजे होतं का?"

गिरिधररावांनी कागदाची घडी घातली. "गप्प बसायला पाहिजे होतं."

कागद घेऊन ती तशीच वडीगोद्रीला गेली. कागदावर सरकारी शिक्का होता आणि अकरा मेंढ्या लिहिलेल्या होत्या. दिवस मावळायला आला होता, कळप जाळीच्या वाघरात शिरत होता. तिने पहिल्याच मेंढीचा कान धरला. कान अर्धाच होता. दुसरीचा धरला. तोही अर्धा. कडूबाने सगळ्या कळपाचे डावे कान शेंड्याकडून छाटून टाकले होते. जखमांवर राख लावलेली होती.

"घे," तो म्हणाला. "कागदात लिव्हलंय न्हवं? घे तुझ्या अकरा, वळखून."

तिने हाक मारली. "चांदे! बुटके! ये, ये गं, कपाळे!" आणि त्या आल्या. कळप फोडून एकेक मेंढी तिच्या गुडघ्याशी येऊन उभी राहिली. अकरा झाल्या. तिने कडूबाकडे पाहिलं.

कडूबा हसला नाही. त्याचाही चेहरा क्षणभर उतरला होता. मग म्हणाला, "कोर्टाला मेंढराचं तोंड वळखू येतं व्हय?" आणि काठीने मेंढ्या माघारी वळवल्या.

घरी गोपिकाबाई दारातच बसली होती. रिकामे हात बघून म्हणाली, "तेल गेलं, तूप गेलं. सुगंधे, मी वंगाळ न्हाई. पर मेंढरांच्या जिवावर आल्तं लेकरू. मेंढरं न्हाईत तर मंग काय? माझ्या नातवांच्या तोंडचं काढू का?"

"धनी काय म्हणत्यात?"

रखमाजी बैलांना वैरण टाकत होता. हातातली पेंढी तशीच राहिली. "मी इचारलं वकिलाला. पोटगीच्या कायद्यात बाप हाय, माय हाय. सावतर बापाचं नाव कुठंच न्हाई."

"म्हून?"

"म्हून काय? मी कोण हाय तिचा, तेच मला कळंना."

तो वाईट नव्हता. तीच मोठी अडचण होती. त्याच्याशी भांडता येत नव्हतं.

वैशाखात आखाजीच्या सणानंतर कडूबा स्वतः आला ठकूला न्यायला. नऊ वर्षांची मुलगी म्हणजे कळपामागे फुकटचा राखणदार, हे सगळ्यांना दिसत होतं. कडूबा चारचौघांत म्हणाला, "कोर्ट काय अन् पंच काय, माझी लेक मी पोसतो. कुणाचा खर्चा नगं." लोकांनी माना डोलावल्या.

ठकूने आईला विचारलं, "माय, तिथं माझ्याच मेंढ्या हायेत न्हवं?"

"हायेत."

"मंग मी त्याच राखीन." आणि गेली.

शेवटच्या गाठोड्यातली, ठकूच्या मेंढ्यांची लोकर सुगंधाबाईने मडक्यात निराळी ठेवली होती. घोंगडी विणणाऱ्या मच्छिंद्रला तिने विचारलं होतं. लग्नात पोरीला द्यायची चांगली घोंगडी व्हायला दहा गुंडे सूत लागतं, तो म्हणाला. ती ते सूत मुद्दाम सावकाश काढायची. रोज वावभर, जास्त नाही. गोपिकाबाई म्हणायची, "असं काततीस जशी सोन्याची तार ओढतीस." सुगंधाबाई म्हणायची, "ठकूचं लगीन व्हईपातुर पुराया पाहिजे. लई वर्सं हायेत अजून."

दोन वर्षं ती वडीगोद्रीला जात राहिली. कळप लांब चरायला गेलेला असायचा. ठकू दोनदाच भेटली. दुसऱ्यांदा तिच्या हाताला काठीने पडलेले घट्टे होते, आणि तिने आईला मेंढ्यांबद्दल काही सांगितलं नाही. सुगंधाबाईनेही विचारलं नाही.

साठ सालच्या उन्हाळ्यात मच्छिंद्र घनसावंगीच्या बाजारात भेटला. तो वऱ्हाडाकडून घोंगड्या विकून आला होता.

"सुगंधाबाई, ठकूचं झालं की."

"काय झालं?"

"लगीन. तुला ठाव न्हाई? वऱ्हाडात, मुक्कामावरच उरकलं. कडूबानं आंदण म्हून अकरा मेंढ्या दिल्या. लोक वाहवा करून राह्यले होते."

ती बाजार न करताच घरी आली. ठकू अकरा वर्षांची होती. गिरिधररावांच्या कानावर घालावं असं रखमाजीने सुचवलं. एवढ्या लहान मुलीचं लग्न हाही गुन्हा आहे, त्यालाही कायदा आहे, तो म्हणाला. सुगंधाबाईने त्याच्याकडे पाहिलं आणि मडकं पुढे ओढलं. त्या दिवसापासून ती झपाझप कातायला लागली. दळताना नाही, पण बाकी सगळा वेळ. घोंगडी वऱ्हाडात पोचवायची होती. पोरीची आई आहे, एवढं तरी त्या घरी कळायला हवं होतं. मच्छिंद्रला दिवाळीचा वायदा दिला.

भादव्यात तिला ताप आला. पाचव्या दिवशी ती बरळली. मेंढ्यांची नावं घेत होती, असं गोपिकाबाई सांगते. नवव्या दिवशी गेली. बत्तीस वर्षांची असेल.

मडक्यात सुताचे सात गुंडे निघाले. आठवा टकळीवर अर्धा होता, आणि त्याच्या टोकाशी न कातलेल्या लोकरीचा पेळू तसाच लोंबत होता.