माळावरच्या डाळिंबांना घातलेला गाळ

"खायला घातलं, पानी पाजलं, तरी ही झाडं उपाशावानी का दिसत्यात?" आबा बागेत उभे राहून ओरडत होते. आवाज असा की इंदापूरच्या स्टँडवर डुलकी घेणाऱ्या कंडक्टरनं दचकून घंटी मारावी. समोरच्या डाळिंबाची शेंड्याची पानं हळदीत बुडवल्यासारखी पिवळी होती, शिरा तेवढ्या हिरव्या. जुन्या पानांच्या कडा विडीनं डागल्यासारख्या करपलेल्या.

आबा माझे थोरले चुलते. त्यांचा माळ म्हणजे नुसता मुरूम आणि चुनखडी. कुसळंसुद्धा तिथं परवानगी काढून उगवत. त्यावर त्यांनी डाळिंब लावलं, ठिबक येईपर्यंत कळशीनं पाणी घालून जगवलं. यंदा पहिला बहार धरायचा होता. आबांचं सगळं मन त्या बहारात होतं.

बागेत गाळ घालायची कल्पना माझी. उजनी धरणाचं पाणी उतरलं की पळसदेवला जुनं देऊळ वर येतं आणि आमच्याकडच्या ट्रॉल्या गाळ भरायला खाली उतरतात. तो गाळ असा काळा, की त्यात पडलेली स्वतःची सावली शोधायला बॅटरी लागावी. मी म्हटलं, "आबा, ह्यात काठी रोवली तर काठीला फुलं येतील."

"डाळिंब कोरड्या रानाचं झाड. त्याला गादी सोसंल का?"

"तुमी बघाच."

मी उन्हाळाभर ट्रॉल्या ओतल्या. वरच्या दोन ओळींपर्यंत ट्रॅक्टर चढला नाही, त्या मुरमातच राहिल्या. आणि हिरव्यागार राहिल्या. आबांनी विचारलं तेव्हा मी ठोकून दिलं, "वर वारा लागतोय, म्हणून रोग न्हाय."

मी बारामतीच्या एमआयडीसीत दुधाच्या कारखान्यात कामाला. म्हणून तिथल्या प्रयोगशाळेत पानं तपासायला न्यायचं काम माझ्याकडं आलं. पिवळी पानं न्यायची होती. पण गावात मी गाळातला जाणकार म्हणून छाती काढून फिरत होतो. उद्या कागदावर गाळच वाईट निघाला तर? मी वरच्या ओळींची पानं तोडली, धुतली, पुसली. मुलगी दाखवायला न्यावी तशी नेली.

अहवालात सगळं जिथल्या तिथं निघालं. आबांनी तो दोनदा वाचून घेतला.

"पान ठीक हाय म्हणत्यात. मग तहानलीच असणार." त्यांनी ठिबकचे तास दुप्पट केले. मी शेजारी उभा होतो. माझ्या तोंडाला कुणी कुलूप घातलं नव्हतं.

पंधरा दिवसांत खालच्या ओळींची फुलं गळाली, मग पानं. तेव्हा मी खरी पानं आणि मूठभर माती घेऊन बारामती गाठली.

तपासणीच्या बाईंनी विचारलं, "मागची पानं ह्याच मातीतली?"

मी पंख्याकडं बघितलं.

त्या ओरडल्या नाहीत, तेच वाईट. म्हणाल्या, "गाळ पाणी धरून ठेवतो, मुळांना श्वास घेता येत नाही. खाली चुनखडी. लोह जमिनीत पडून राहतं, पानापर्यंत जात नाही. कडा करपल्यात त्या गाळातल्या क्षारानं. अन्न कमी नाही, मूळ गुदमरतंय. आधी पाणी तोडा."

येताना गाडी मी इतकी हळू चालवली की बैलगाडीवाल्यानं हात करून पुढं जायला सांगितलं. आबा बांधावर बसले होते. मी आधी ठिबकचा कॉक बंद केला, मग सगळं सांगून टाकलं. गाळ, वरच्या ओळी, धुतलेली पानं. वाऱ्याची थापसुद्धा. आयुष्यात पहिल्यांदा काही वाढवून सांगितलं नाही.

आबांनी खालच्या झाडाची एक फांदी वाकवली. ती कट्‌दिशी मोडली.

"आबा, बोला की काहीतरी."

"खालच्या वळी गेल्या," ते म्हणाले. "मधल्या वळींतला गाळ उकरून बघू."